विहारातला संगणक का तापत होता?

तेरखेड्याचे मे महिन्यातले ऊन ज्याने सोसले आहे, त्याला उष्णतेविषयी वेगळे सांगायला नको. शिवाय हे फटाक्यांचे गाव. ठिणगी कशी जपावी हे येथे लहान पोरालाही कळते. तरीही आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतला संगणक तापून बंद पडू लागला, तेव्हा आम्ही सारेच गोंधळलो.

संगणक वर्गणीतून घेतलेला, जुना, जाड पुस्तकाएवढा चपटा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाला, तेव्हापासून दहावीच्या मुलांची गर्दी त्याच्यापुढे असते. एक मुलगी कॉलेजांचा पसंतीक्रम भरत होती. पंखा घरघरला, पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. "तूच काहीतरी दाबलेस," असे मी तिला सर्वांदेखत म्हणालो. तिची आई मजुरी बुडवून सोबत आली होती. ती काही बोलली नाही.

दुरुस्तीवाल्याने नवा घ्या म्हणून सांगितले. तेवढे पैसे कोठून आणणार? तेव्हा माहीतगार मुलांना हाताशी घेऊन आम्हीच तपास सुरू केला.

प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप. ती चालली की तापणारच. तिच्यावर धातूच्या बारीक पात्यांचा ठोकळा असतो. पंखा त्यातून वारा काढून उष्णता बाहेर टाकतो. छोट्या डब्यात ठोकळाही छोटा आणि वाट अरुंद. बहुतेक इंटेल चिपा १०० अंशांच्या आसपास पोचल्या की आपला वेग आपणच कमी करतात. त्यानेही भागले नाही तर संगणक स्वतःला बंद करतो. म्हणजे पडदा काळा होणे हा बिघाड नव्हता, जीव वाचवण्याची धडपड होती!

'कोअर टेम्प' हा मोफत प्रोग्राम टाकून पाहिले. काही काम नसताना ६८, फॉर्म उघडताच ९७. खोलीतच ४० अंश असल्यावर चिप त्याहून थंड राहणार नाही हे खरे, पण काम नसताना ६८ म्हणजे फारच.

पहिले कारण निघाले ते माझेच. चोरीच्या आणि धुळीच्या भीतीने मी तो लाकडी कपाटात ठेवून वर विणलेला रुमाल घातला होता. आत तीच गरम हवा फिरत होती. बाहेर टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवताच ८ अंश उतरले. त्या मुलीची मी त्याच संध्याकाळी माफी मागितली, तीही सर्वांदेखत.

मग वीज काढून, थोडा वेळ थांबून झाकण उघडले. पात्यांमध्ये धुळीचा नमदाच बसला होता. सोलापूर–धुळे महामार्गालगतचे गाव, धुळीला काय तोटा! मऊ ब्रशने ती काढली. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. हवेचा पंप मारायचा तर पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो गरगर फिरून खराब होतो.

चिप आणि ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ठोकळा हिसडून काढू नये. हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी ज्वारीच्या दोन दाण्यांएवढीच लावली. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत.

एक बिनपैशाचा उपायही सांगतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बहुतेक संगणकांत चिपेची जादा धाव बंद होते. वेग थोडा घटतो, फॉर्म भरायला पुरून उरतो.

आता भर दुपारी काम चालू असताना आकडा ७८च्या पुढे जात नाही. पंखा फिरतच नसेल, तर मात्र यातले काही उपयोगाचे नाही. पंखाच बदलावा लागतो.

दर दोन महिन्यांनी झाकण उघडून धूळ काढायची जबाबदारी त्याच मुलीने मागून घेतली आहे. मी फक्त बॅटरी धरून उभा राहतो.