चेंडू भरकटतो तो मुठीतून

ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा पट्टा क्रिकेटचा. ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे, अजिंक्य रहाणे डोंबिवलीत घडला, आणि मोकळी जागा दिसली की तिथे स्टंप रोवले जातात. गोल्फ इथे उशिरा आला. डोंबिवलीजवळच्या पलावात मैदान झालं, नवी मुंबईत खारघरला सिडकोने केलं. त्यामुळे इथला नवा गोल्फर बहुधा बॅट हातात घेऊन वाढलेला असतो, आणि सुरुवातीलाच तो चक्रावतो. समोर गोलंदाज नाही, चेंडू जागेवर स्थिर आहे, वेळ हवा तेवढा आहे. तरी फटका सरळ जात नाही, चेंडू उजवीकडे वळून झाडीत शिरतो. मग खांद्याला दोष दिला जातो, कमरेला दिला जातो, शेवटी नवा महागडा क्लब घेतला जातो. दोष शोधायची पहिली जागा मात्र हात आहेत. क्लब मागे नेण्यापूर्वी तो कसा धरला आहे, यावरच फटक्याची दिशा बरीचशी ठरून गेलेली असते.

याचं कारण फटक्याच्या क्षणात आहे. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्या वेळात चूक दुरुस्त करणं कोणाच्याही हातात नसतं. चेंडू निघतो कुठल्या दिशेला, हे मुख्यतः क्लबच्या सपाट तोंडाची दिशा कुठे होती यावर अवलंबून असतं, हे रडारच्या मोजणीने दाखवून दिलं आहे. ड्रायव्हर या लांब क्लबच्या बाबतीत तोंडाचा वाटा साधारण 85 टक्के धरतात, आयर्न या धातूच्या पात्याच्या क्लबच्या बाबतीत 75 टक्के. आता हिशेब करून पाहा. चेंडू एका अंशाने चुकीच्या दिशेला निघाला, तर 200 मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला पडतो. तोंड फटक्याच्या मार्गाच्या मानाने उघडं राहिलं असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत आणखी उजवीकडे वळतो. यालाच स्लाइस म्हणतात. क्रिकेटमध्ये एवढ्या फरकाने चौकार हुकत नाही; गोल्फमध्ये तो चेंडू गवतात हरवतो.

तोंडाची ही दिशा हाताला कळणार कशी? बॅटचा दांडा बहुधा खालच्या हाताशी लंबगोल असतो, त्यामुळे बॅटचं तोंड कुठे आहे हे न बघताही कळतं. गोल्फच्या नियमांनी ही सोय काढून घेतली आहे. पटर, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलण्याचा क्लब, सोडून बाकी सगळ्या क्लबची मूठ गोलच असावी लागते. फार तर एक सरळ, किंचित उठावाची रेघ चालते. गोल मुठीवर हात थोडा इकडेतिकडे फिरला तरी धरल्यासारखंच वाटतं, पण फटक्याच्या वेळी मनगट आपल्या नैसर्गिक स्थितीत परत येतं आणि तोंड वेगळीकडे वळतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याने क्लब धरून खाली पाहावं. वरच्या, म्हणजे डाव्या हाताच्या मुठीवरचे दोन-तीन उंचवटे दिसले आणि अंगठा-तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे झुकलेली असली, तर सुरुवात ठीक आहे. एकच उंचवटा दिसला तर तोंड उघडं राहण्याकडे कल असतो. चारही दिसले तर ते मिटतं आणि चेंडू डावीकडे हुक होतो. क्लब तळव्यात खोल न धरता बोटांच्या मुळाशी धरावा, कारण तळव्यात रुतलेल्या क्लबभोवती मनगट मोकळं वळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मोठे खेळाडू तर तऱ्हेतऱ्हेने क्लब धरतात. हे खरंच आहे. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनची करंगळी दुसऱ्या हातावर चढवलेली असे. जॅक निकलस आणि टायगर वुड्स यांनी करंगळी तर्जनीत गुंतवली. पॉल एझिंगर डावा हात खूपच उजवीकडे वळवून धरायचा, तरी 1993 ची पीजीए चॅम्पियनशिप त्याने जिंकली. पण करंगळी कुठे ठेवायची हा हातांच्या मापाचा आणि सोयीचा प्रश्न. तोंडाची दिशा ठरते ती हात मुठीवर किती वळलेत त्यावरून. एझिंगरसारख्यांनी त्या वळणाला जुळेल असा संपूर्ण स्विंग वर्षानुवर्षं घोटलेला असतो. नवख्याकडे ती भरपाई नसते. अमेरिकी गोल्फर बेन होगनचं उदाहरण इथे बोलकं आहे. हुकने हैराण झालेल्या होगनने पकड बदलली, आणि 1957 साली आलेल्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात पहिला धडा पकडीचाच ठेवला.

दुसरा आक्षेप असा की क्लबचा मार्गच वाकडा असेल, तर पकड काय करणार? मार्ग महत्त्वाचा आहेच. चेंडू किती वळणार हे मार्ग आणि तोंड यांच्यातल्या फरकावर ठरतं. पण तोंड उघडं राहतं म्हणून चेंडू उजवीकडे जातो, तो अडवायला खेळाडू क्लब डावीकडे ओढू लागतो, आणि त्याने स्लाइस आणखी वाढतो. अशा वेळी आधी मार्ग सुधारायला गेलं, तर मूळ कारण तसंच राहतं. नवी पकड अवघडल्यासारखी वाटते, ही तक्रारही खरी आहे. म्हणून ती आधी चेंडूशिवाय, घरी, रोज थोडा वेळ धरून सवयीची करावी.

आपल्या हवेत आणखी एक पथ्य लागतं. जूनपासून घामाने आणि पावसाने मूठ निसरडी होते, झिजलेलं रबर तर सुटतंच. क्लब सुटेल या भीतीने माणूस मूठ आवळतो, हातांचे स्नायू ताठ होतात आणि मनगटं अडतात. साबणाच्या पाण्याने मूठ धुणं, कोरडा हातमोजा जवळ ठेवणं आणि रबर वेळेवर बदलणं याला नव्या क्लबच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. इथल्या प्रशिक्षकांनी शिकाऊ मुलांना चेंडू देण्याआधी क्लब धरायला शिकवावं, आणि पालकांनी ते दिवस वाया गेले असं समजू नये. गोल्फ पैशांवाल्यांचा खेळ म्हणून ओळखला जातो. त्यातलं हे सर्वांत उपयोगी कौशल्य मात्र उसन्या क्लबवरही शिकता येतं.