भाताच्या मुळाशी नत्र

दुर्ग जिल्ह्यातील चरोदा हे नाव रेल्वेशी कायमचे जोडले गेले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येथे मालगाड्यांचे मोठे यार्ड उभे राहिले. रुळांची ही दाटी सरली, की भाताची खाचरे लागतात. कारखाना आणि खाचर यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे वरवर पाहणाऱ्यास वाटणार नाही. परंतु तो आहे, आणि तो नत्राच्या द्वारे आहे.

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीला कोक लागतो. त्यासाठी दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापविला, की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींत असलेल्या नत्राचा काही अंश अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. तो वायू गंधकाम्लात धुतला म्हणजे अमोनियम सल्फेटचे स्फटिक मिळतात. त्यांत शेकडा सुमारे २१ भाग नत्र असते. पोलादाच्या कारखान्यातून खत निघावे हे विलक्षण खरेच. आणि भाताला मानवणारे खत निघावे, हा तर सुयोगच म्हटला पाहिजे.

हवेत शेकडा ७८ भाग नत्र असूनही पिकाला ते थेट घेता येत नाही. मुळे ते प्रामुख्याने नायट्रेट किंवा अमोनियम या रूपांत घेतात. ज्वारी-गव्हाच्या मोकळ्या, हवेशीर जमिनीत जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करून टाकतात. म्हणून ती पिके मुख्यतः नायट्रेटवर पोसतात. मात्र नायट्रेट आत घेतल्यावर त्याचे पुन्हा अमोनियम करण्यासाठी वनस्पतीला शक्ती खर्चावी लागते. त्यानंतरच पानांनी तयार केलेल्या शर्करेच्या आधाराने त्याची अमिनो आम्ले, आणि पुढे प्रथिने होतात. अमोनियम घेणाऱ्या भाताचा हा मधला खर्च वाचतो.

परंतु खाचरातील खरा प्रश्न मुळाच्या बाहेरचा आहे. साचलेल्या पाण्याखाली मातीचा अगदी वरचा पातळ थर तेवढा प्राणवायू मिळवितो. खाली तो नसतो. वरच्या थरात पडलेल्या अमोनियमचे नायट्रेट होते, ते पाण्याबरोबर खाली झिरपते, आणि तेथील जिवाणू त्यातील प्राणवायू वापरून नत्र वायुरूपाने हवेत सोडून देतात. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले खत बुडबुड्यांच्या वाटेने निघून जाते! युरियाचे आणखी एक संकट असे, की पाण्यावर फेकल्यास त्यातला बराच अमोनिया परस्पर उडून जातो. भाताला दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या हाती बहुधा शेकडा तीस ते चाळीसच लागते. म्हणून खत चिखलणीच्या वेळी खालच्या थरात गाडले, तर मातीचे कण अमोनियमला धरून ठेवतात आणि ते मुळांना मिळत राहते.

ज्या श्रोत्यांनी कोकणातील लावणी पाहिली असेल, त्यांना छत्तीसगढची बियासी ठाऊक असेलच असे नाही. येथे पुष्कळ ठिकाणी भात फेकून पेरतात, आणि सुमारे महिन्याभराने शेतात पाणी साचले, की उभ्या पिकातच नांगर फिरवितात. पेरणीपासून तोपर्यंत जमीन हवेशीर, पुढे पाण्याखाली! पेरताना भरपूर नत्र दिले, तर कोवळी रोपे ते उचलण्यापूर्वीच त्याचे नायट्रेट होते, आणि पाणी साचताच ते वाया जाते. यास्तव नत्राचा मोठा हिस्सा बियासीनंतर फुटव्यांच्या वेळी, आणि उरलेला लोंबी पोटात धरण्याच्या सुमारास देणे हिताचे ठरते. दाण्यातील नत्राचा बराच भाग मागाहून पानांतूनच जातो. खालची पाने प्रथम पिवळी पडतात ती यामुळेच. अतिरेक केला, तर पीक लोळते आणि करपा बळावतो.

जमिनीचा भेदही ध्यानात घ्यावा लागतो. काळ्या कन्हार जमिनीची चिकणमाती अमोनियम घट्ट धरते. मुरमाड भाटा जमिनीत मात्र ते टिकत नाही, तेथे थोडे थोडे, अधिक हप्त्यांनी द्यावे लागते. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले, त्यामागेही अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही काळ थोपवून धरण्याचाच हेतू आहे.