कानाच्या जागी नजर

एखादं इंद्रिय अधू असलं की बाकीची तल्लख होतात, असं आपण सहज बोलून जातो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरात संशोधक स्टीफन लोंबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज मांजरांवर तपासला आणि तो अर्धाच खरा निघाला.

जन्मतः बहिऱ्या आणि ऐकू येणाऱ्या मांजरांच्या त्यांनी सात दृष्टिचाचण्या घेतल्या. पाचांत दोन्ही गट बरोबरीचे. बहिरी मांजरं सरस ठरली ती दोनच बाबतींत: नजरेच्या अगदी कडेला लुकलुकलेला दिवा अचूक शोधणं आणि अतिशय संथ हालचाल टिपणं.

खरा कस पुढे लागला. मेंदूच्या श्रवणक्षेत्रावर बारीक नळीची वेटोळी बसवून त्यांतून थंड द्रव खेळवला, की खालचा भाग तात्पुरता बंद पडतो. ऊब मिळताच पुन्हा सुरू होतो. श्रवणक्षेत्राचा मागचा भाग गार केला, तेव्हा दिवा शोधण्यातली आघाडी गेली, हालचाल टिपण्यातली मात्र शाबूत राहिली. वरचा पट्टा गार केल्यावर नेमकं उलट घडलं. हे निष्कर्ष २०१० साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आले. ऐकू येणाऱ्या मांजरात तो मागचा भाग आवाज कुठून आला हे ठरवतो. म्हणजे ‘कुठे?’ हा प्रश्न त्याच भागाकडे राहिला. कानाऐवजी डोळ्यांकडून माहिती येऊ लागली, इतकंच.

माणसांत अशी नळी बसवता येत नाही. पण अमेरिकेत हेलन नेव्हिल यांनी १९८०च्या दशकातच कर्णबधिरांच्या मेंदूतले विद्युतसंकेत मोजले होते. नजरेच्या कडेकडे त्यांचं लक्ष जास्त असल्याचं त्यातून दिसलं. हा परिणाम सांकेतिक भाषेचा तर नव्हे? शंका रास्त होती. म्हणून त्यांनी कर्णबधिर आईवडिलांची, ऐकू येणारी मुलंही अभ्यासली. ती लहानपणापासून हातांनीही बोललेली. नजरेच्या कडेकडे जास्त लक्ष असणं त्यांच्यात दिसलं नाही. ते बहिरेपणातूनच आलेलं. दाराशी काही हललं की कर्णबधिर मुलाची मान वळते. त्याला ‘चंचल’ ठरवणाऱ्या शिक्षकांनी हे जरूर वाचावं.

श्रवणक्षेत्र नजरेनं बळकावलं, तर कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे आवाजाचे विद्युतसंकेत करून श्रवणतंतूंना देणाऱ्या यंत्राला, जागा उरेल का, ही भीती बरीच वर्षं होती. २०१६ साली आंद्रेय क्राल यांच्या गटानं बहिऱ्या मांजरांतला तोच वरचा पट्टा तपासला. दृश्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी तिथे मोजक्याच सापडल्या. इम्प्लांटच्या संकेतांना प्रतिसाद देणाऱ्या कितीतरी जास्त होत्या.