रविवार दोघांचा

कोल्हापुरात राहणाऱ्यांना पन्हाळा म्हणजे घरचं परसू. शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे, केर्ली मागे टाकायची, वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडून वर वळायचं. वीस किलोमीटरांत माणूस गडावर. पाहुणे आले की पन्हाळा, मुलांचा निकाल लागला की पन्हाळा, ईद झाली की दुसऱ्या दिवशी पन्हाळा. आमचीही तीच रीत.

मुलगा आणि मुलगी, दोघंही शिकायला बाहेरगावी गेली आणि घर एकदम मोठं झालं. आठवडाभर माझी शाळा, ह्यांचं वर्कशॉप. तेव्हा हेच म्हणाले, "महिन्यातून एक रविवार आपण दोघंच पन्हाळ्याला जात जाऊ. घरचा डबा घ्यायचा, झाडाखाली बसायचं, संध्याकाळी परत." मला फार बरं वाटलं. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर नवऱ्यानं असं म्हणावं, यात आनंदच आहे.

पाच-सहा महिने मजेत गेले. मग एका रविवारी पहाटे मी ओट्यापाशी उभी होते आणि एकाएकी मला रडू आलं.

कारण सांगते. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी मटण मार्केटात गेले होते. रात्री खिमा साफ करून ठेवला, लसूण सोलला, पीठ चाळलं. पहाटे फज्रनंतर भाकऱ्या, खिमा, अंडी, आमच्या अम्मींसाठी म्हणजे सासूबाईंसाठी बिनतिखटाची खिचडी, त्यांच्या गोळ्या काढून ठेवणं. थर्मास, चटई, वजूसाठी पाण्याचा कॅन. साडेनऊला हे तयार होऊन स्कूटर काढून उभे, आणि रोजच्यासारखी हाक, "अगं, आटप की, ऊन होतंय." संध्याकाळी परत आल्यावर तेच डबे घासायचे, आणि सोमवारी सातला शाळा.

मी म्हटलं, "तुम्ही एकटेच जा."

हे चकित झाले. "अगं, तुझ्यासाठीच तर जातोय!"

"माझ्यासाठी असेल तर माझी सुट्टी कुठाय? तुमचा रविवार गडावर जातो, माझा स्वयंपाकघर फक्त जागा बदलतं."

त्या दिवशी आम्ही गेलो नाही. दिवसभर दोघंही गप्प. ह्यांचा स्वभाव वाईट नाही. ह्यांना खरोखरच दिसलं नव्हतं. डबा उघडला की त्यात जेवण असतं, एवढंच त्यांना माहीत.

पुढच्या वेळी ह्यांनी तोडगा काढला की हॉटेलात जेवू. एकदा जेवलो. मटण कुठून येतं, जबीहा कसा, हे विचारायला संकोच वाटला, म्हणून शाकाहारी थाळी घेतली. बिल पाहिल्यावर मला महिन्याचा दूधवाला आठवला, आणि तिखटानं ह्यांचं पित्त खवळलं ते वेगळंच. घरच्या जेवणाला बरकत असते म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे घरचं जेवण सोडायचं नव्हतं. सोडवायचा होता तो प्रश्न वेगळाच होता.

अखेर एका शनिवारी रात्री हे स्वतःहून ओट्यापाशी आले. "मला खिमा शिकव. सुका. उद्याचा डबा मी करतो, भाकरी तेवढी तू."

वाचक भगिनींनो, बाहेर नेण्याचा खिमा कसा असावा हे अनुभवानं सांगते. अर्धा किलो खिमा धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्यावा. आलं-लसूण, हळद, मीठ लावून झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात शिजवावा. दुसऱ्या कढईत दोन कांदे लालसर परतून त्यात दोन चमचे आपली कांदा-लसूण चटणी घालावी, मग खिमा घालून पाणी पार आटेपर्यंत आणि तेल सुटेपर्यंत परतावा. नारळ, टोमॅटो, बटाटा नको. ओलाव्यानं पदार्थ लवकर आंबतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नये. सकाळी केलेला खिमा दुपारपर्यंत संपवावा, उन्हाळ्यात तर नक्कीच. शनिवारी रात्री फक्त तयारी करावी, शिजवणं सकाळीच.

पहिल्या वेळी ह्यांनी कांदा करपवला, मीठ दोनदा घातलं. मी तोंड बंद ठेवलं. बायकांनो, हेही शिकावं लागतं. आपण "सरका, मी करते" म्हटलं की पुरुष आनंदानं सरकतो आणि पुन्हा येत नाही.

मला भीती होती अम्मींची. मुलगा कढईपाशी उभा पाहून त्या काय म्हणतील? त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुझे अब्बासुद्धा रमजानमध्ये सहेरीला उठून आधी चहा ठेवायचे. मला झोपू द्यायचे. लोक हसतील म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही."

चाळीस वर्षं त्यांनी ही गोष्ट लपवून ठेवली होती! नवऱ्यानं केलेली चांगली गोष्ट, तीही लाजेची असल्यासारखी. रसूलल्लाह (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेलं आपण सगळेच ऐकत आलो आहोत. मी वर्गातही सांगते. पण आपल्या घरात ते ओट्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षं का लागावीत?

त्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. तीन दरवाजातून आत जाताना मी वर पाहिलं. तिथं फारसी शिलालेख आहे, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. मी उर्दू शिकवते, तरी दगडावरची ती वळणं लावताना दमछाक होते. एकेक अक्षर लावत मी तिथं अर्धा तास उभी होते. इतक्या फेऱ्यांत मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. कशी पाहणार? डोळ्यांवर झोप आणि हातात पिशव्या!

मग अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं. सगळ्यांत मोठ्या गंगेत सुमारे २५ हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तो मार्चपासून जुलैपर्यंत चालला, आणि भर पावसातल्या एका रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. बाजीप्रभूंचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. पण त्या गार भिंतींमध्ये उभी असताना मला वाटलं, एवढं धान्य दळणारे, भाकऱ्या थापणारे हातही कुणाचे तरी असतील. त्यांची नोंद नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. मुलांना गड दाखवताना तटबंदीबरोबर ही कोठारंही जरूर दाखवा.

तबक उद्यानात चटई टाकली. जोहर पढली, डबा उघडला. खिमा खारट होता. दोघांनी हसत संपवला.

जवळच एक मावशी झुणका-भाकर घेऊन बसल्या होत्या. सोबत खरडा आणि मडक्यातलं दही. आम्ही दही घेतलं. मी विचारलं, "मावशी, किती वाजता उठता?"

"चारला. रविवारी गिऱ्हाईक जास्त, दुप्पट भाकऱ्या."

"मग तुमची सुट्टी कधी?"

"बुधवारी गर्दी नसती. तवा पोरगा भाकऱ्या थापतो. वाकड्या होत्यात, पर थापतो." आणि त्या मोठ्यानं हसल्या.

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "आपल्या मुलालाही शिकवायला हवं. सुट्टीत आला की." मी मागे बसून फक्त हं म्हटलं. मनात म्हटलं, मुलगी पाचवीत असताना तिला भाकरी शिकवली, तेव्हा मुलगा शेजारीच खेळत होता. त्याला मीच हाक मारली नव्हती. चूक एकट्या ह्यांची नव्हती.

आता आमचा नियम ठरलेला आहे. शनिवारी बाजार हे करतात. रविवारी खिमा ह्यांचा, भाकरी माझी, अम्मींची खिचडी जो आधी उठेल त्याची. संध्याकाळी एकानं डबे घासायचे, दुसऱ्यानं पुसायचे. एखाद्या रविवारी दोघंही दमलेलो असलो तर फुटाणे आणि केळी घेऊन जातो, मावशींकडून झुणका-भाकर घेतो. गड तोच असतो, वाराही तोच.

सहलीला जाणं म्हणजे घरातून बाहेर पडणं, असं मला पूर्वी वाटे. पण घरातला एक माणूस जर ओट्यासकटच बाहेर पडत असेल, तर ती सहल एकाचीच झाली. येत्या रविवारी कुठे जाणार असाल, तर शनिवारी रात्री एवढंच विचारा: उद्या आपल्या घरात सगळ्यांत आधी कोण उठणार आहे? उत्तर दर वेळी एकच येत असेल, तर स्कूटर काढण्याआधी थोडं बोलून घ्या. आमचा अनुभव असा, की खारट खिमासुद्धा दोघांनी मिळून केला की गोड लागतो.