मीठ कमी केले, तरी रक्तदाब का उतरत नाही?

रक्तदाब वाढलेल्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ हा सल्ला हमखास मिळतो. घरी मात्र तो बहुधा एकाच प्रकारे पाळला जातो. ताटात वरून मीठ वाढणे बंद होते. भाजी-आमटीतले मीठ तेवढेच राहते, डावीकडचे लोणचे हलत नाही आणि चहाबरोबर शेव-चिवड्याची बशीही नेमाने येते. महिन्याने तपासावे तर आकडा जवळपास तोच! मग ‘मीठ सोडूनही गुण नाही’ असे म्हणत काही रुग्ण गोळ्याही मनानेच बंद करतात. हे अधिक धोक्याचे.

मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील दाबही वाढतो. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना इजा पोचते. या काळात बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. अनेकांचा रक्तदाब पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावरच प्रथम मोजला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सर्व काही त्यातच आले.

आता हे घरी मोजायचे कसे? स्वयंपाकघरात रोज तराजू घेऊन कोणी बसत नाही. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. घरात चार माणसे असतील तर दिवसाचे २० ग्रॅम झाले. या हिशेबाने एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवा. महिन्याच्या आत ती रिकामी झाली, तर उत्तर आपोआप मिळाले. बाजारातून आणलेले फरसाण, वडापाव, बिस्किटे यांतले मीठ तर या पिशवीत धरलेलेच नाही.

उन्हाळ्यातील वाळवणाचाही विचार करावा लागेल. पापड, सांडगी मिरची, कैरीचे लोणचे हे पदार्थ मिठामुळेच टिकतात. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो आणि त्यातही सोडियम असतेच. भजी, ढोकळा यांतील खाण्याच्या सोड्याचेही तसेच. रक्तदाबाला बाधते ते मुख्यतः हे सोडियम, मग ते कोणत्याही रूपाने पोटात जावो. पाकिटावर सोडियमचा आकडा दिलेला असेल तर त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मिठाचे प्रमाण कळते.

‘आम्ही सैंधवच वापरतो’ असे अनेकजण मोठ्या विश्वासाने सांगतात. सैंधव उपासाला चालते म्हणून रक्तदाबालाही चालते असे नाही. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय साध्या सैंधवातून पुरेसे आयोडीन मिळत नाही. तेव्हा मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे, पण बेताने.

रुग्णापुरता अळणी स्वयंपाक वेगळा करण्याची पद्धत फार दिवस टिकत नाही. त्यापेक्षा सगळ्या घराचेच मीठ हळूहळू उतरवावे. या आठवड्यात आमटीत चिमूटभर कमी, पुढच्या आठवड्यात भाजीत. भाकरी-पोळीच्या पिठात मीठ घालायची गरज नाही. भातातही नाही. लिंबू, कोकम, आले, लसूण, जिरे यांनी चव भरून निघते. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग पूर्वीचेच जेवण खारट लागू लागते. पहिले काही दिवस ‘मीठ विसरलीस का?’ असे विचारणाऱ्यांनी स्वयंपाक करणारीला तेवढे सांभाळून घ्यावे.

बाजारात कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी पक्षाघात झालेले किंवा रक्तदाब असलेले साठीपुढील लोक त्यात होते. असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना हे मीठ घातक ठरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही शरीरात पोटॅशियम साठते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. जुलाब-उलट्या होत असताना मात्र मीठ-पाण्याला कात्री लावू नये, जलसंजीवनी द्यावी.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही तो मोजता येतो. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर ठेवावेत आणि मोजताना बोलू नये. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांना दाखवावे.