नागीण ओसरते, शूल उरतो

‘नागिणीचे तोंड शेपटीला लागले की माणूस दगावतो’ ही समजूत किल्लारीसारख्या गावी अजूनही ऐकू येते. वास्तविक नागीण शरीराच्या एकाच बाजूस राहते आणि सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. खरा त्रास फोड सुकल्यानंतर मागे राहणाऱ्या शूलाचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातून वाचलेली तेव्हाची तिशीतील पिढी आज साठीपुढे आहे आणि हा शूल अधिककरून त्याच वयात जडतो.

संप्राप्ति : कांजिण्यांचा विषाणू मेरुदंडालगतच्या मज्जागंडिकेत सुप्त राहतो व वार्धक्यात बल क्षीण होताच उफाळतो. आपण त्याचे साम्य विसर्प (चरक, चिकित्सास्थान २१) किंवा सुश्रुतोक्त कक्षा यांत पाहतो. दाह शमल्यावर उरणारा शूल व वस्त्राचाही स्पर्श न साहणे, हे वातप्रकोपाचे लक्षण होय. तीन महिन्यांनंतरही वेदना टिकल्यास ती चिवट समजावी.

पहिले ७२ तास : या अवधीत विषाणुरोधक औषध मिळाल्यास तीव्र वेदना लवकर ओसरते. रुग्ण लेप मागत प्रथम औषधी दुकानातच येतो. त्याला लेप देऊन थांबवू नये, त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

अग्निकर्म करावे काय? वातज शूलात ते आपले हुकमी शस्त्र आहे. तथापि सुश्रुताने (सूत्रस्थान १२) पित्तप्रकृती, दुर्बल, वृद्ध व भीरू यांना ते वर्ज्य सांगितले आहे. आपला रुग्ण बहुधा याच वर्गातला असतो. शिवाय स्पर्शासह त्वचेवर तप्त शलाका ठेवणे धोक्याचे ठरते.

औषधांनी न शमणाऱ्या शूलात वेदनातज्ज्ञ सुईद्वारे उपचार करतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई मज्जागंडिकेजवळ नेऊन स्पंदित रेडिओ-लहरी दिल्या जातात. तेथील उष्णता सुमारे ४२ अंश सेल्सियसपर्यंतच ठेवतात, त्यामुळे मज्जातंतू जाळला जात नाही. जागेपुरती भूल पुरते, मोठी चीर लागत नाही. सर्वांनाच गुण येतो असे नाही आणि आलेला गुणही कायम टिकेलच असे नाही, हे रुग्णास आधीच सांगावे.

पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी प्रतिबंधक लसही २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. ती दोन मात्रांत घ्यावी लागते.

रुग्ण योग्य वेळी पुढे पाठविणे हा वैद्याचा पराभव नव्हे. असाध्याचा विवेक शास्त्रानेच आपणांस शिकविला आहे.