काट्यावर दिसतं ते पाणी

मागच्या लेखात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे आहाराचे टप्पे पाहिले. हे टप्पे चालू असतानाच, साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, पहिली धास्ती उभी राहते. सुरुवातीला भराभर उतरलेलं वजन एकाएकी अडतं, कधी किलोभर वरही जातं. 'एवढा खर्च करून उपयोग काय झाला?' असं घरात कुणीतरी बोलून जातं आणि पेशंट आधीच तुटपुंजं असलेलं खाणं आणखी कमी करतो, पाणीही आवरतं घेतो. हे थांबायला हवं. काट्याचा रोजचा चढउतार बहुतांशी पाण्याचा असतो, आणि त्याला घाबरून पाणी तोडण्याइतकी घातक चूक या काळात दुसरी क्वचितच असेल.

हिशेब करून पाहा. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो, सुमारे 400 ते 500 ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम घटलं की शरीर आधी हा साठा मोडतं आणि त्यातलं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या दिवसांतल्या घसघशीत घटीत याचा मोठा वाटा असतो. पुढे आहार थोडा वाढला की साठा काही अंशी भरतो, पाणी परत येतं आणि चरबी जळत असूनही काटा जागचा हलत नाही. मिठाचंही तसंच. सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं. शरीरातलं पाणीही जवळपास त्याच खारटपणाला राखलं जातं. पापड-लोणच्यातून चार-पाच ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं की अर्धा लिटर पाणी, म्हणजे अर्धा किलो वजन, दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसू शकतं. पाळीच्या आधीचे दिवस आणि बद्धकोष्ठता यांची भर वेगळी. उलट एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. एका रात्रीत किलोभर चरबी चढायची तर शरीराच्या गरजेपेक्षा एवढ्या कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. आणि या काळातला दिवसभराचा आहार बहुधा हजार कॅलरीसुद्धा गाठत नाही.

पाणी पिणं मात्र खरोखर अवघड होऊन बसतं, हे मान्य करायला हवं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात; बायपासमध्ये वर उरणारा कप्पा जेमतेम 30 मिलीचा असतो. तांब्या तोंडाला लावून गटागटा पिणाऱ्यांची ती सवय मोडते. शिवाय एरवी वरण, भाजी, फळं यांतून रोजच्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा नकळत मिळतो, तोही आटतो. गरज मात्र दिवसाला दीड ते दोन लिटरची. खोकल्याच्या औषधावरचं मापाचं टोपण घ्या. 30 मिली पाणी दर पंधरा मिनिटांनी, घोट घोट करत, जागेपणीचे चौदा तास घेतलं तर 1,680 मिली होतं. पातळ ताक, वरणाचं निवळ पाणी हेही याच हिशेबात धरा. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नको, असं डॉक्टर सांगतात. त्याचा अर्थ दिवसभर नको असा नव्हे.

यावर 'तहान लागली की पिऊच की' असं म्हणणारे पुष्कळ असतात. पूर्वी ते चालत होतं, कारण दोन पेले एकदम पिऊन तूट भरून काढता यायची. आता सकाळची तूट संध्याकाळी भरून निघत नाही. पाणी कमी पडलं की मळमळतं, मळमळीमुळे पाणी आणखी कमी जातं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा रुग्णालय गाठावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत पाणी कमी होणं हे एक आहे. गडद पिवळी लघवी, उठताना चक्कर, कोरडं तोंड ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डोस बदलावा लागू शकतो. बायपासनंतर मुतखड्याचा धोकाही वाढतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तो विसरून चालणार नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून दिलं आहे, त्यांनी मात्र आपल्याच डॉक्टरांचं माप पाळावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळं पाण्यावर ढकललं तर खरंच वाढणारं वजन नजरेतून सुटेल. वजन काही अंशी परत येतं, हे खरंच आहे. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी घटलं होतं; दहा वर्षांनी ती घट 25 टक्के उरली. पण ही वाढ वर्षांच्या मापाने होते, ती सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत सापडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाहून आल्यावर आणि चहाच्या आधी वजन करावं आणि चार आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. दोन-तीन महिने ते सतत चढत असतील तर ते पाणी नाही; आहारतज्ज्ञांना गाठा. पायांवर सूज आणि धाप यांसह वजन अचानक वाढलं तर आठवडाही थांबू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर पाण्याबरोबर थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वही संपत चाललेलं असतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईन लावण्यापूर्वी 'माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या' हे सांगायला विसरू नका, आणि घरच्यांनाही ते सांगून ठेवा.